अंगठीतला हिरवा खडा : पाचू, अकीक की नुसता रंग?

रमजानचा दुसरा पंधरवडा लागला की मशिदीसमोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शेवया, खजूर, अत्तर, टोप्या, सुरमा आणि त्यांच्या शेजारी हमखास एक अंगठ्यांची गाडी. काळ्या मखमलीवर लाल, पांढरे, काळे, पिवळे खडे मांडलेले असतात. त्यांत सगळ्यात आधी नजर जाते ती हिरव्यावर. विक्रेता त्याला गिऱ्हाईक बघून नाव देतो. दाढीवाले चाचा आले तर ‘हरा हकीक’, कॉलेजची मुलगी आली तर ‘जेड’, आणि जरा पैसेवाले दिसले तर आवाज खाली करून ‘पन्ना ही समझो’. त्याच बाजारपेठेत दोन गल्ल्या पलीकडे रत्नांच्या दुकानात आमचे एखादे जोशी किंवा पाटील बुधाच्या उपासनेसाठी पाचूचे उपरत्न म्हणून ‘ग्रीन ओनेक्स’ घेत असतात. गंमत अशी, की पुष्कळदा हा आणि तो खडा एकच असतो. जयपूरहून आलेल्या एकाच पुडीतले दोन दाणे, एक बरकतीसाठी जातो, दुसरा ग्रहशांतीसाठी.

मी रसायनशास्त्र शिकवते, जव्हेरी नाही. पण रमजानमध्ये लोक वर्षाचा हिशेब काढतात, कपाटातले दागिने बाहेर येतात, आणि ‘मॅडम, हा खडा खरा आहे का हो?’ हा प्रश्न दरवर्षी चार-सहा वेळा तरी येतोच. त्या प्रश्नातच खरा घोळ आहे. खडा ‘खरा’ असतो म्हणजे नक्की काय खरे असते? दगड खरा, रंग खरा, की सांगितलेले नाव खरे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि किंमत त्या तिन्हींवर ठरते.

आधी दगड. अकीक, बाजारातल्या बोलीत हकीक, म्हणजे आपल्या ओळखीच्या गारगोटीचाच भाऊबंद. शास्त्रात त्याच्या कुळाला कॅल्सेडनी म्हणतात. वाळू, स्फटिक, गारगोटी यांच्यासारखाच हाही सिलिका. फरक इतकाच, की स्फटिकात एक मोठा कण वाढतो, आणि कॅल्सेडनीत साध्या सूक्ष्मदर्शकालाही वेगळे दिसणार नाहीत इतके बारीक तंतू दाटीवाटीने बसलेले असतात. म्हणून तो काचेसारखा आरपार नसतो. दुधात पाणी घातल्यासारखा, उजेड आत घेणारा पण अक्षर न दाखवणारा असतो. तंतूंच्या मध्ये सूक्ष्म छिद्रेही असतात. ही छिद्रे लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यांच्यातून जाते.

आपला महाराष्ट्र बहुतांशी ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत नंतर सिलिका झिरपून साचली आणि अकीक तयार झाला. विहीर खणताना किंवा नांगरट करताना सापडणाऱ्या पांढऱ्या-करड्या गारा त्याच. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहिलेल्यांनी या पोकळ्यांचे वैभव डोळे भरून पाहिले असेल. या पाषाणात हिरवा अकीकही मिळतो, पण त्याचा हिरवा कसा असतो? शेवाळासारखा, काळपट, ऑलिव्हच्या छटेचा. लोहयुक्त हिरव्या मातीसारखी खनिजे त्यात अडकलेली असतात. शेवाळी अकीकात तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर हिरवे धागे अगदी तळ्यातल्या गोंडाळासारखे दिसतात. गडद हिरव्यावर रक्ताचे थेंब पडल्यासारखे लाल ठिपके असलेला पितोनिया सौराष्ट्रात पूर्वापार मिळतो. हे सगळे नैसर्गिक, सुंदर आणि स्वस्त. यातला एकही पोपटाच्या पंखासारखा झगझगीत हिरवा नसतो. म्हणून ‘इथल्याच खाणीतला, एकदम असली’ असे सांगत कोणी कच्च्या कैरीचा किंवा पाचूचा रंग दाखवू लागला तर मनात पहिली घंटी वाजायला हवी.

कैरीच्या रंगाचा खरोखरचा नैसर्गिक अकीक जगात आहे. त्याला क्रायसोप्रेझ म्हणतात आणि कॅल्सेडनीच्या घराण्यात त्याचा मान मोठा. त्याचा रंग निकेल या धातूमुळे येतो. निकेल भरपूर असलेला सर्पेंटाइन नावाचा खडक उन्हापावसाने झिजतो, त्यातले निकेल पाण्याबरोबर उतरते आणि सिलिकाबरोबर भेगांत साचते. एकेकाळी त्याची मोठी खाण सायलेशियात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये होती. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला या दगडाचे वेड होते. आज चांगला माल मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून येतो, म्हणून बाजारात त्याला ‘ऑस्ट्रेलियन जेड’ असेही म्हणतात. जेडशी त्याचे काही नाते नाही. झिंबाब्वेत क्रोमियममुळे हिरवा झालेला नैसर्गिक अकीकही सापडतो, पण तो आपल्या गल्लीतल्या गाडीवर येण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

मग गाडीवर असतो तो कोण? तो असतो रंगवलेला अकीक.

ज्यांनी अकरावी-बारावीला विज्ञान घेतले असेल त्यांना प्रयोगशाळेतला ज्वालामुखी आठवत असेल. अमोनियम डायक्रोमेटच्या नारिंगी ढिगाला काडी लावायची, ठिणग्या उडतात आणि खाली चहाच्या पत्तीसारखा हिरवा चुरा उरतो. तो हिरवा म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. खडा रंगवण्याची रीत याच रसायनावर चालते. करडा, फिका अकीक कापून क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात मुरत ठेवतात, मग तापवतात. द्रावण सूक्ष्म छिद्रांत शिरलेले असते, तापल्यावर तिथेच त्याचा हिरवा होतो. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन गावाने 19व्या शतकात ही कला व्यापाराच्या पातळीवर नेली. त्याहून जुनी युक्ती काळ्या ओनेक्सची आहे. खडा साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात टाकायचा. साखरेचा आत कोळसा होतो आणि खडा कायमचा काळा. हिरव्या रंगातली विचित्र गोष्ट अशी, की खऱ्या पाचूलाही हिरवा करणारा मुख्य धातू क्रोमियमच. पाचूत तो स्फटिकाच्या रचनेतच बसलेला असतो, इथे तो छिद्रांत पाहुणा म्हणून आलेला असतो. एकाच धातूच्या या दोन वस्त्यांमुळे पुढे एका घरात काय झाले ते सांगतेच.

रंगवलेला खडा म्हणजे फसवणूक नव्हे, हे आधीच स्पष्ट करते. क्रोमियमचा रंग टिकाऊ असतो, दगड कठीण असतो, दिसतो छान. दोनशे-चारशे रुपयांच्या अंगठीत तो असायलाच हवा. फसवणूक सुरू होते नावापासून. ‘ग्रीन ओनेक्स’ या नावाने विकला जाणारा बहुतेक माल हा रंगवलेला अकीक असतो. ‘इंडियन जेड’ म्हणजे बऱ्याचदा अॅव्हेंच्युरीन, म्हणजे आत हिरव्या अभ्रकाची चमक असलेला क्वार्ट्झाइट. त्यालाच जेडप्रमाणे काही दुकानांत ‘मरगज’ म्हणतात. आणि यांच्या गर्दीत सरळसरळ हिरवी काचही बिनदिक्कत उभी असते.

गाडीवरचा विक्रेता परीक्षा करून दाखवतो, तीही पाहण्यासारखी असते. खड्याला दोरा घट्ट गुंडाळून खाली काडी धरतो. दोरा जळत नाही. ‘देखा? असली!’ बघणारे माना डोलावतात. दोरा जळत नाही कारण त्याला चिकटलेला दगड उष्णता ओढून घेतो. रंगवलेला अकीक हेच करील, क्रायसोप्रेझ हेच करील आणि जाड काचेचा तुकडाही क्षणभर हेच करील. दुसरी परीक्षा पाण्याच्या ग्लासची. खडा टाकल्यावर पाणी हिरवट दिसले तर पन्ना म्हणे. कुठलाही पारदर्शक हिरवा तुकडा उजेडात धरला तर तेच होणार. तिसरी, काचेवर चरा पाडण्याची. ही निदान अर्धी खरी आहे. अकीकाची कठिणता साडेसहा ते सात, म्हणून तो काचेला ओरखडतो, आणि खड्याच्या जागी काच असेल तर ती सहसा ओरखडत नाही. पण पाचूही ओरखडतो, अॅव्हेंच्युरीनही. म्हणजे काच ओळखली, पुढचे काहीच नाही.

घरी करता येण्याजोगी एक परीक्षा मात्र खरोखर उपयोगी आहे आणि तिची परंपरा मोठी आहे. 973 साली ख्वारिज्ममध्ये जन्मलेला अल-बिरुनी आपल्याकडे हिंदुस्थानावरच्या ग्रंथामुळे ओळखला जातो. त्याने रत्नांवरही ‘किताबुल जमाहिर’ हा ग्रंथ लिहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चोच असलेल्या शंकूच्या आकाराच्या भांड्यात खडा सोडून, बाहेर सांडलेले पाणी तोलून त्याने रत्नांचा जडपणा मोजला. निळ्या याकुताला, म्हणजे नीलमला, शंभर धरून त्याने बाकीच्यांचे आकडे मांडले. त्यात जुमुर्रद म्हणजे पाचू आहे आणि अकीकही आहे. त्याचे हे काम पुढे अल-खाजिनीने 1121 साली ‘मीजानुल हिकमा’ या तराजूवरच्या ग्रंथात जपून ठेवले. डोळा फसतो, रंग फसवतो, नावे तर फसवतातच. पण एवढ्याच आकाराचे पाणी एवढेच भरते, हे हजार वर्षांपूर्वी जितके खरे होते तितकेच आज आहे.

रीत सोपी आहे. खडा कोंदणातून काढलेला हवा, ही एकच अट. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला डिजिटल काटा पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. आधी कोरडा खडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा लोंबता धरा. काट्यावर जो आकडा येईल तो बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. अकीक 2.6च्या आसपास येतो, पाचू 2.7च्या थोडा वर, नेफ्राइट जेड 2.95, जेडाइट 3.3. काचेचा काही नेम नाही, ती दोनपासून चारच्या पुढेही जाते. खडा लहान, म्हणजे पाच कॅरटचा, म्हणजे एक ग्रॅमचा असेल तर अकीक आणि पाचू यांच्या आकड्यांतला फरक ग्रॅमच्या दोन शतांशांहूनही कमी पडतो. तो खिशातल्या काट्याला पकडता येत नाही. तिथे जव्हेऱ्याचा कॅरटचा काटाच लागतो.

आता ते घर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत. माझ्या ओळखीच्या एका आपांचे वडील वारले. ते बरीच वर्षे आखातात नोकरीला होते. मागे पत्नी, दोन मुलगे आणि या आपा. कर्ज, देणी फेडून उरलेल्या मालमत्तेत रोकड, थोडे सोने आणि अब्बांच्या बोटातली चांदीची अंगठी होती. तिच्यातला मोठा हिरवा खडा ‘जुमुर्रद’ आहे असे अब्बा आयुष्यभर सांगत. मोठ्या भावाने गावातल्या एका सराफाला अंगठी दाखवली. त्याने एका चाळणीतून, म्हणजे रंगीत काचेच्या फिल्टरमधून, खडा पाहिला. तो लालसर दिसला. सराफ म्हणाला, पन्ना आहे, एक लाख चाळीस हजार धरा.

अंगठी धरून सगळी मालमत्ता आठ लाखांची झाली. शरीयतप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे एक लाख. उरलेल्या सात लाखांचे पाच भाग, मुलांना दोन-दोन, मुलीला एक. आपांच्या वाट्याला आले एक लाख चाळीस हजार. बरोबर अंगठीइतके. भावांनी सुचवले, तू अब्बांची लाडकी, अंगठी तूच घे, हिस्सा पुरा झाला. यात काही डाव होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांचा सराफावर आणि अब्बांच्या शब्दावर विश्वास होता. आपांनाही अंगठी हवीच होती. पण त्यांच्या मुलीचे नर्सिंगचे शुल्क भरायचे होते आणि अंगठी मोडायची वेळ आली तर किती येतील, एवढेच त्यांना मला विचारायचे होते.

खडा बघताच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे तो फार चांगला होता. पाचू सहसा निर्दोष नसतो. त्याच्या पोटात बारीक भेगा, जाळी, शेवाळासारख्या खुणा असतातच, आणि साडेएकोणीस कॅरटचा, सलग रंगाचा, डाग नसलेला पाचू कोणी दीड लाखाच्या आत सोडत नाही आणि साध्या चांदीत बसवतही नाही. दुसरे, खड्याखाली वर्तमानपत्र धरले तर अक्षर दिसत नव्हते, नुसता हिरवा उजेड. गढूळ पाचूही असतात, म्हणून यावर निकाल देता येत नाही. पण भिंगातून, मागून मोबाईलची बत्ती लावून पाहिले तर हिरव्यातच अगदी पुसट समांतर पट्टे होते, एक गडद, एक फिका. अकीक थराथराने वाढतो आणि प्रत्येक थर रंग कमी-जास्त पितो. धुलाईत कपड्याचे धागे वेगवेगळे रंगावेत तसे.

सराफाला दिसलेल्या लालसरपणाचे काय? तो फिल्टर लंडनच्या चेल्सी इथे घडवलेला. तो हिरव्याचा मोठा भाग अडवतो आणि गडद लाल जाऊ देतो. क्रोमियम असलेला पाचू गडद लाल जाऊ देतो, म्हणून त्यातून लाल दिसतो. काच सहसा दिसत नाही. यावरून ‘लाल दिसला म्हणजे पाचू’ असा सोपा नियम तयार झाला. पण क्रोमियमने रंगवलेला अकीकही त्यातून लालसर दिसतो, कारण धातू तोच. उलट काही खाणींतला लोह असलेला अस्सल पाचू त्यातून लाल दिसत नाही, आणि निकेलचा क्रायसोप्रेझ हिरवाच राहतो. म्हणजे सराफाने जी परीक्षा घेतली तिने खडा पाचू ठरत नव्हता, फार तर त्यात क्रोमियम असल्याचे कळत होते.

आपांच्या परवानगीने खडा कोंदणातून काढून आणला. कोरडे वजन 3.90 ग्रॅम. पाण्यात 1.50. भागाकार 2.60. पाचू असता तर पाण्यातला आकडा 1.43च्या जवळ यायला हवा होता. तीनदा करून पाहिले, फरक पडला नाही. मग खडा मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला, कारण माझ्या ग्लासातल्या पाण्यावर कोणाच्या वारसाहक्काचा निकाल लागू नये. आठवड्याने कागद आला. नैसर्गिक कॅल्सेडनी, रंग कृत्रिम.

प्रयोगशाळेत काय बघतात तेही थोडक्यात सांगते. रिफ्रॅक्टोमीटरवर खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजतात. कॅल्सेडनीचा आकडा 1.53 ते 1.54, पाचूचा 1.57 ते 1.58च्या घरात. एवढा फरक या यंत्राला भरपूर झाला. ध्रुवित प्रकाशात खडा फिरवला तर पाचू एका फेरीत चारदा उजळतो आणि चारदा विझतो. कॅल्सेडनीतले असंख्य तंतू सगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे तो उजळलेलाच राहतो. आणि वर्णपटात क्रोमियमच्या रंगाच्या लाल भागातल्या रेषा निकेलच्या रंगात नसतात, त्यावरून रंगवलेला आणि क्रायसोप्रेझ वेगळे पडतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम आणि खर्च खड्याच्या मानाने किरकोळ.

पुन्हा हिशेब मांडला. अंगठीची चांदी आणि खडा मिळून दोन हजार धरले. मालमत्ता आठ लाखांवरून सहा लाख बासष्ट हजारांवर आली. आईचा आठवा हिस्सा 82,750. उरलेल्या 5,79,250चे पाच भाग केले तर आपांचा हिस्सा 1,15,850. अंगठी त्यांनीच घेतली, दोन हजार धरून, आणि 1,13,850 रुपये रोख मिळाले. भाऊ खजील झाले होते. आई मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘उनको किसी ने दुबई में ठगा, और हमको पता भी नहीं.’ तिथल्या दुकानदाराने काय सांगून तो खडा विकला होता, हे आता कोणाला विचारणार?

अशा कागदावर ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. कॅल्सेडनी जमिनीतून आलेली असते, म्हणून रंगवलेली असली तरी तीही नैसर्गिकच. रंगाचा खुलासा बहुधा खाली, शेरा म्हणून, लहान अक्षरांत असतो. तो वाचायचा. शिवाय प्रयोगशाळा खडा काय आहे ते सांगते, किंमत लिहीत नाही. दुकानदार किमतीचा आकडा छापलेले चकचकीत कार्ड देत असेल तर ते त्याचे स्वतःचे कौतुक समजावे.

किमतीचे गणित ढोबळच सांगता येते. रंगवलेला हिरवा अकीक घाऊक बाजारात कॅरटला दोन आकडी रुपयांत मिळतो, तो मोठा असला म्हणून फार महाग होत नाही. चांगला क्रायसोप्रेझ शेकड्यांत किंवा हजारांत जातो. तिथे रंग सगळ्यात महत्त्वाचा. सलग, ताजा, कैरीच्या सालीचा हिरवा, उजेड आत घेणारा, पांढरे ढग आणि तपकिरी मातीच्या शिरा नसलेला. पाचूचा भाव तर हजारांत सुरू होऊन लाखांत कुठे थांबेल याचा नेम नाही. आणि भाव विचाराल तेव्हा कॅरटमध्ये विचारा. रत्तीचे माप दुकानागणिक बदलते, कच्ची, पक्की, ज्योतिषाची वेगळी. कॅरट मात्र सगळीकडे 0.2 ग्रॅम.

अकीकाशी आपल्या भागाचे नाते पुस्तकी नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंद आहे, की पैठणहून ओनेक्सचे दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात. तेर आणि पैठणच्या उत्खननांत अकीकाचे मणीही मिळाले आहेत. पुढे या धंद्याचे केंद्र खंबायत झाले. कच्चा माल भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या डोंगरातून येई. तिथे बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचे हे पीर, आणि अकीकाचा धंदा त्यांनीच उभा केला अशी तिथली आख्यायिका. मुसलमान, हिंदू, भिल्ल सगळेच तिथे जातात. हदीसमध्ये पैगंबरांच्या चांदीच्या अंगठीतला खडा ‘हबशी’ असल्याचा उल्लेख आहे. तो अकीक किंवा पट्टेदार जज्अ असावा, असे भाष्यकार म्हणतात. हबशाचा खडा आणि हबशी पीर, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. अकीकामुळे रोजी वाढते, संकट टळते अशा ज्या रिवायती गाडीवर ऐकवल्या जातात, त्या सुन्नी मुहद्दिसांनी कमजोर ठरवल्या आहेत. शिया परंपरेत अकीकाच्या अंगठीचा मान मोठा आहे. ज्याची जशी श्रद्धा. त्याने खड्याचा भाव बदलत नाही.

खंबायतच्या अकीकाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही चांगली गोष्ट. मात्र तो घासणाऱ्यांच्या छातीत काय जाते हे त्या मानांकनात येत नाही. सान दगडावर खडा धरला की सिलिकाची पिठासारखी धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर उपचार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कारागिरांतला हा आजार अभ्यासून नोंदवला आहे. घरातच घासकाम चालते, म्हणून ती धूळ बायका-मुलांपर्यंतही पोचते. धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि पाण्याखाली घासण्याची पद्धत यांनी हे पुष्कळ टाळता येते. पण दोन आकडी भावात विकल्या जाणाऱ्या खड्यात त्या यंत्राचा खर्च कोण घालणार? शंभर रुपयांत तेहतीस मण्यांची तसबीह मिळते तेव्हा मला आधी हा हिशेब दिसतो.

जकातीचा प्रश्न या महिन्यात हमखास येतो, म्हणून तेही. वापरातल्या खड्यांवर, मग तो अकीक असो की लाखाचा पाचू, जकात नाही. व्यापारासाठी ठेवलेला माल असेल तर आहे. आपल्याकडे बहुसंख्य पाळतात त्या हनफी मतानुसार अंगठीची चांदी मात्र हिशेबात धरायची. इतर सोन्या-चांदीबरोबर तिची बेरीज करायची, खड्याचे वजन वजा करून. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

ईदसाठी अंगठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. रंगवलेला असला तरी घ्या, फक्त पावतीवर ‘रंगवलेला अकीक’ एवढे लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर भाव त्याच रंगाचा आहे असे समजून बोला. घरी आणल्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून खड्याची मागची बाजू पुसून पाहा. हिरवे उतरले तर रंग क्रोमियमचाही नाही, कापडाचा आहे, आणि तो अत्तराने, साबणाने, उन्हाने जाणारच. तो परत करा. क्रायसोप्रेझ असेल तर तो फार वेळ उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नका. त्यातले पाणी उडाले की रंग फिका पडतो, ओलसर कापसात ठेवला तर काही वेळा परत येतो. आणि अंगठी घट्ट असेल तर वुझू करताना ती हलवून घ्यावी, खालची कातडी ओली व्हायला हवी. त्या निमित्ताने कोंदणाचे दातही सैल झालेत का ते दिवसातून पाच वेळा पाहून होते.